मांडीवरची चौकट

आधी गोल रिंग घेतली,
रुमालावर फुलं काढायची ती.
तरट तिच्यात बसेना, बसलं तर राहीना.
चार फास ओढले की सैल,
दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारखा मधोमध झोळ.

मग एका जुन्या तसबिरीची चौकट.
तसबीर कपाटात ठेवली, देवाची माफी मागितली,
चहूबाजूंनी टाचण्या ठोकल्या.
काम चार बोटं पुढे सरकवायचं
तर साठ टाचण्या उपटा, साठ ठोका.
नूतन खापेकर दारातून म्हणाली,
"काहून वो काकू, गालिचा करून राहिल्या का कुंपण?"

म्हणून लकडगंज.
मे महिना, सकाळचे अकरा, डोक्याला ओला दुपट्टा.
आरा मशीनसमोर भुशाचा ढीग,
त्यावर निवांत झोपलेलं एक कुत्रं.
दमडूजी मिस्त्रीनं खर्रा एका गालात सारला.
सांगा, म्हणाला.

मी सांगितलं.
मांडीवर मावेल अशी, दीड फूट बाय सव्वा.
कडा गोल, मनगट घासायला नको.
जागची ढळू नये, पण उठताना मला उचलता यावी.
सपाट नको, जरा कलती;
मान आता चौसष्ट वर्षांची आहे.
आणि कापड दिवसातून दहादा निघालं पाहिजे,
दहादा लागलं पाहिजे,
पण धरलं की सुटता कामा नये.

"बाई," तो म्हणाला, "चौकट पाह्यजे का जावई?"

आडजात दाखवली. कोपरा दाबला, तो हलला.
आंब्याची फळी हलकी, पण पावसाळ्यात फुगणार.
बिजा उचलूनच दम लागला.
शेवटी कोपऱ्यातले सागाचे चार तुकडे,
कुणाच्या तरी पाडलेल्या दाराचे,
खिळ्यांची भोकं तशीच.
"हे घ्या. याले जेवढं वाकायचं होतं तेवढं वाकून झालं."

चौकट झाली.
कापड धरणार कोण, ते तसंच राहिलं.

घरी यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.
बोलले काही नाहीत.
कार्ड-खात्यात सव्वीस वर्षं,
गिरणी गेली, छातीतला कापूस तेवढा राहिला,
बोलणं तेव्हापासून बेतानंच.
उठले. स्टूल ओढलं.
माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

आत तेलकट फडक्यात
सापाच्या कातीसारखी गुंडाळलेली पट्टी.
दोन बोटं रुंद, तारांचे बारीक दात,
हजारो, सगळे एकाच बाजूला कललेले.
कार्ड मशीनवरची.
शेवटच्या पाळीला जेवणाच्या डब्यातून आणलेली.
बावीस वर्षं त्या माळ्याखाली झोपले मी,
मला ठाऊक नव्हतं.

"दात आत नको करू," म्हणाले.
"चारी बाजूनं बाहेर पाह्यजे.
तू आत ओढशील, ते बाहेर धरतीन."

दुसऱ्या दिवशी स्वतःच ई-रिक्षानं लकडगंजला गेले.
चुका किती अंतरावर मारायच्या यावरून
दमडूजीशी तासभर भांडले.
परत आले तेव्हा खोकला होता,
पण मान ताठ.

आता तरट टाकते, तळव्यानं दाबते.
धरलं.
टिचकी मारली की ढप् वाजतं.
काढताना ओढायचं नाही,
तव्यावरून पोळी उचलावी तसं सरळ वर.
आकडा खाली जातो,
अंजिरी लुगड्याची चिंधी घेऊन वर येतो.
दातांवर घालायला मी एक जाड पट्टी शिवली आहे,
नाहीतर कोपरं सोलून निघतात;
हे आधी कुणी सांगत नाही.

संध्याकाळी दिवा लागला की
हे ब्रश घेऊन बसतात.
दातांत अडकलेलं सूत काढतात,
दातांच्या कलानं, उलटं कधीच नाही.
मी म्हणते, एवढं काही साचलं नाही.
"साचते," म्हणतात.
निघालेला पुंजका दोन चिमटींत धरून
हळूच ताणतात, उजेडाकडे नेतात,
बराच वेळ बघतात.

"आखूड आहे," म्हणतात.